भाडं बंद करू नका, ताई

जळगावहून एका ताईंचं पत्र आलंय. चार पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं, त्यामुळे सगळंच्या सगळं देत नाही, मुद्द्याचं तेवढं सांगतो.

ताई, त्यांचे मिस्टर आणि दहावीतली पोरगी असे तिघं सात वर्षांपासून एका घराच्या वरच्या मजल्यावर दोन रूममधे राहतात. मिस्टर एमआयडीसीत दालमिलला, ताई घरी ब्लाऊज आणि फॉल-पिको करतात. भाडं ४५०० रोख, डिपॉझिट १५,००० दिलेलं. सुरुवातीला ११ महिन्यांचा नोटरीचा कागद झाला होता, त्याची झेरॉक्स आहे, नंतर कागद केलाच नाही, कारण मालक म्हणजे खाली राहणारे नाना एकदम सज्जन माणूस. यंदा मार्चमधे नानांना लकवा झाला आणि कारभार पोराकडे गेला. जूनच्या शेवटी स्लॅब गळायला लागला, पाणी थेट शिलाई मशीनवर, तीनदा सांगितलं तर पोरगा नुसता "बघतो बघतो", शेवटी ताईंनी स्वतःच माणूस बोलावून वॉटरप्रूफिंग करून घेतलं, ६२०० रुपये लागले, आणि ते भाड्यातून वळते केले. म्हणजे जुलैचं दिलंच नाही आणि ऑगस्टचे २८०० दिले. तिथून बिनसलं. सप्टेंबर आणि ऑक्टोबरचं भाडं घेऊन खाली गेल्या तर घेतलं नाही, म्हणे राहायचं असेल तर ७००० द्या नाहीतर खाली करा. दोनदा पाण्याची मोटर बंद केली. जिन्यात सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला, "घर मन्हं शे, आते निंघा आठून!" (म्हणजे घर माझं आहे, आता निघा इथून.) मिस्टरांनीही काहीतरी उत्तर दिलं, काय दिलं ते ताईंनी लिहिलं नाही, मी समजून घेतलं. आणि आता व्हॉट्सअपवर मेसेज आलाय की ३० नोव्हेंबरपर्यंत रूम खाली करा, नाहीतर सामान रस्त्यावर दिसेल.

ताई विचारतात की निघावंच लागेल का, तो खरंच सामान काढू शकतो का, दीर म्हणतात की भाडं देणंच बंद करा, बारा वर्षं झाली की घर आपलंच होतं, ते खरं का. आणि शेवटच्या पानावर एका कोपऱ्यात बारीक अक्षरात, नानांना भेटायला जाऊ का?

ताई, आधी मी कोण ते सांगतो. मी वकील नाही. जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या कोर्टांमधे सत्तावीस वर्षं बेलीफ होतो, म्हणजे समन्स बजावायचं, वॉरंट घेऊन जायचं आणि शेवटी कब्जा घ्यायचा झाला की दारात उभं राहायचं, ते काम. लोकांची गादी, कुकर, देवघर बाहेर निघताना पाहिलेला माणूस आहे मी. त्यामुळे तुमच्या मेसेजमधली "सामान रस्त्यावर" ही धमकी वाचली तेव्हा पहिलं मनात आलं की बाबा रे, ते काम तुझं नाही, ते आमचं होतं, आणि आम्हाला सुद्धा कोर्टाच्या सहीशिक्क्याच्या वॉरंटशिवाय उंबऱ्याला पाय लावता येत नव्हता.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. ३० तारखेला काहीही होत नाही. महाराष्ट्रात भाड्याच्या घराला १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा लागतो, ३१ मार्च २००० पासून तो चालू आहे. (मधे मधे व्हॉट्सअपवर "नवीन भाडेकरू कायदा आला" असं फिरत असतं ना, तो केंद्राने २०२१ मधे काढलेला नमुना आहे, राज्याने घेतला तर लागू. आपल्याकडे अजून १९९९ चाच.) या कायद्यात मालकाला घर खाली करून घ्यायचं असेल तर दावा लावावा लागतो, जळगावसारख्या ठिकाणी दिवाणी न्यायाधीशांच्या कोर्टात, तिथं कारण सिद्ध करावं लागतं, मग हुकूमनामा म्हणजे कोर्टाचा निकाल, त्यावर जिल्हा कोर्टात अपील, मग तो निकाल अंमलात आणायची दरखास्त, मग वॉरंट, आणि मग कुठे माझ्यासारखा खाकी पिशवीवाला माणूस जिना चढतो. व्हॉट्सअपचा मेसेज यातल्या कुठल्याच पायरीवर बसत नाही. पण तो मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढून पोरीच्या मोबाईलवर पण पाठवून ठेवा, पुढे तोच कामाला येईल.

आता दिरांचं बघू. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हा सल्ला प्रत्येक खानदानात एक दीर, एक मामा किंवा एक मेहुणा देतच असतो आणि तो ऐकून मी किती घरं खाली होताना पाहिली याचा हिशेब नाही. बारा वर्षं राहिलं की घर आपलं, हे भाडेकरूला लागू नाही. तुम्ही आत आलात त्याच मुळी भाडेकरू म्हणून, मालकाला मालक मानून, त्यामुळे बारा काय आणि चाळीस काय, भाडेकरू भाडेकरूच राहतो. हे झालं बारा वर्षांचं. त्याच्यापेक्षा वाईट ते "भाडं बंद करा".

माझ्या वडिलांनी हेच केलं होतं. प्राथमिक शिक्षक होते, तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावी आम्ही भाड्याने राहायचो, मी तेव्हा कॉलेजला, साल १९९३. मालकाशी वाकडं झालं ते मोरीच्या पाण्यावरून, आणि एक दिवस आम्ही जेवायला बसलेलो असताना मालक पान्हा घेऊन आला आणि आमच्या नळाची तोटी काढून घेऊन गेला. तोटी! पितळी होती, त्याने पाईपात लाकडाची खुंटी ठोकली आणि गेला. पुढे आई समोरच्या गल्लीतून हंड्याने पाणी आणायची, मे महिन्यात, आणि आपल्याकडचा मे काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. वडिलांचा संताप मी समजू शकतो. ते म्हणाले याला एक दमडी देणार नाही. आणि नाही दिली, आठ महिने. मालकाची नोटीस आली, ती पण त्यांनी वाचून कपाटात टाकली, महिना उलटला. मग दावा. वडिलांनी ती लाकडाची खुंटी वर्तमानपत्रात गुंडाळून कोर्टात नेली होती, पुरावा म्हणून. साहेबांनी खुंटी पाहिलीच नाही. एवढंच विचारलं, मास्तर, भाडं भरलं का. तेव्हा १९४७ चा जुना कायदा होता, भाडं थकलं, नोटिशीनंतर महिनाभरात भरलं नाही आणि दावा लागल्यावर कोर्टातही व्याजासकट भरलं नाही तर कोर्टाच्या हातात फार काही उरत नव्हतं. मालक चुकला होता, शंभर टक्के चुकला होता, आणि बाहेर आम्ही निघालो. जो बेलीफ आला होता त्याने आईकडे पाणी मागितलं, आई म्हणाली पाणी नाही, तोटी नाही घरात. त्या माणसाचं तोंड मला अजून आठवतं. मीच पुढे त्या नोकरीला लागेन असं काही तेव्हा वाटलं नव्हतं.

तर ताई, तुमचा सगळा जोर भाडं देण्यात आहे. आताच्या कायद्यातलं कलम १५ तेच म्हणतं, भाडेकरू भाडं देतोय किंवा द्यायला तयार आहे तोपर्यंत भाड्याच्या कारणावरून त्याला काढता येत नाही. थकलं असेल तरी मालकाला आधी लेखी, सहीची मागणीची नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून ९० दिवस थांबावं लागतं, त्याआधी दावाच लावता येत नाही. आणि दावा लागलाच तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी दरसाल १५ टक्के साध्या व्याजाने कोर्टात भरली, पुढचं भाडं दर महिन्याला भरत गेलं आणि कोर्ट सांगेल तो खर्च दिला, तर त्या कारणावर हुकूमनामा होत नाही. एवढी सवड आमच्या वडिलांना मिळाली असती तर. असो.

पण हे "द्यायला तयार आहे" तोंडाने सांगून चालत नाही. तुम्ही दोनदा खाली गेलात, त्याने घेतलं नाही, याला साक्षीदार कोण? तुम्ही आणि तो. त्याचा वकील सांगणार की आलेच नाहीत. म्हणून आता असं करा. नानांचा किंवा पोराचा बँक खाते नंबर असेल किंवा फोनपे चालत असेल तर सरळ त्यावर पाठवा, शेरा टाकून, "सप्टेंबर भाडं" वगैरे. ते नसेल तर पोस्टातून मनीऑर्डर करा, नानांच्या नावाने, कारण घर नानांचं आहे आणि आजपर्यंत भाडं नानांनी घेतलंय, पोराच्या नावाने करू नका. घेतली तर उत्तम. नाकारली तर पोस्टमन तसा शेरा मारून परत आणतो, आणि तो शेरा म्हणजे सोनं समजा, आपल्या सराफ बाजारातलं. दर महिन्याला करायची, पाच तारखेच्या आत, नाकारली तरी पुढच्या महिन्याला परत करायची. पोस्टाच्या पावत्या एका वहीत चिकटवत जा.

तुम्ही लिहिलंय की सप्टेंबर-ऑक्टोबरचे ९००० शिलाईच्या डब्यात बाजूला ठेवले होते आणि त्यातले दीड हजार दिवाळीत खर्च झाले. प्रामाणिकपणे लिहिलंत ते बरं केलं, पण ते दीड हजार आधी परत डब्यात टाका. हा पैसा आता तुमचा नाही असंच समजायचं.

आता जरा कडू बोलतो. त्या ६२०० च्या बाबतीत तुमची बाजू निम्मी खरी आहे. घर राहण्यालायक ठेवणं, गळती काढणं हे मालकाचंच काम, कलम १४. तो करत नसेल तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापू शकतो, हे पण तिथंच आहे. पण त्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि वर्षभरात कापायची रक्कम वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्श्याच्या वर जाऊ नये. तुमचं वर्षाचं भाडं ५४,०००, पाव हिस्सा १३,५००, म्हणजे ६२०० मर्यादेत बसतात, पण नोटीस कुठंय? तीनदा जिन्यात सांगितलं ती नोटीस नाही होत. आणि दुसरं, कायद्याचं सोडा, न सांगता एक महिना पूर्ण भाडं न देणं आणि दुसऱ्या महिन्याला २८०० हातावर ठेवणं, यात त्या पोराला अपमान वाटला असेल तर मला नवल नाही वाटत. बाप आजारी, नवीन कारभार, आणि पहिल्याच पावसात भाडेकरू हिशेब शिकवतोय. तो चुकलाच, मोटर बंद करणं तर हलकटपणाच आहे, पण भांडणाची काडी एका हाताने पेटलेली नाही.

म्हणून माझं मत, बऱ्याच वकिलांना पटणार नाही पण माझं मत, ते ६२०० पण भरून टाका. सप्टेंबर, ऑक्टोबरचे ९००० आणि हे ६२०० असे १५,२००, आणि सोबत साधं पत्र लिहा की दुरुस्तीचा खर्च तुमच्याकडे लागतो, आमचा त्यावरचा हक्क आम्ही सोडलेला नाही, पण थकबाकी ठेवायची नाही म्हणून भरतोय. बिल आणि गळतीचे फोटो जोडा. एकदम जमत नसेल तर आधी दोन महिन्यांचं भाडं, मग हे दोन हप्त्यांत. यात ६२०० गेले असं वाटेल, पण "थकबाकीदार" हा शब्द त्याच्या वकिलाच्या तोंडून काढून घेतला, तो स्वस्तात गेला. पत्र स्पीड पोस्टने, पोच सांभाळा.

७००० चं म्हणाल तर ते काही नाही. कायद्यात भाडेवाढ दरसाल ४ टक्के आहे, म्हणजे ४५०० वर १८० रुपये. त्याने मागच्या काही वर्षांत वाढवलंच नाही असं म्हटलं तर हिशेबाला बसा, दोन-चारशे वाढवून द्यायची तयारी ठेवा, आजच्या बाजारभावात जळगावला ४५०० मधे दोन रूम मिळत नाहीत हे तुम्हालाही माहितीय. पण एकदम अडीच हजाराची उडी आणि "नाहीतर निघा", हे चालत नाही.

आता कागद. इथं मला एका गोष्टीची काळजी वाटते, ती तुमच्या पत्रात नाही. त्या जुन्या ११ महिन्यांच्या कागदाची झेरॉक्स काढा आणि वर काय लिहिलंय ते वाचा, "भाडेकरार" का "लिव्ह अँड लायसन्स", म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता ठराविक मुदतीसाठी नुसती राहायची परवानगी. लायसन्स असेल तर गोष्ट वेगळी होते, त्यात मुदत संपली की मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशाच प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, झटपट पद्धतीने जाऊ शकतो, मुदतीनंतरच्या राहण्याचे दुप्पट पैसे मागू शकतो आणि तिथलं समन्स आलं की ३० दिवसांच्या आत तुम्हाला शपथपत्र घालून परवानगी मागावी लागते, ते चुकलं तर संपलं. तुमच्या बाजूने बोलायला जागा आहे, कागदाची मुदत संपून सहा वर्षं झाली आणि नाना दर महिन्याला भाडं घेत राहिले, शिवाय कागद नोंदवलेला नाही, नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची, आणि नोंदलेला कागद नसेल तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. पण हे बोलायला वकील लागेल, माझ्यासारखा बेलीफ नाही. त्यामुळे झेरॉक्स घेऊन या आठवड्यातच जा.

वकिलाचे पैसे कुठून आणू असं म्हणू नका. बाईमाणसाला उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो, तुमचे मिस्टर कामगार म्हणून त्यांनाही मिळू शकतो. जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथं साधा अर्ज आणि आधार कार्ड, फोनवर विचारायचं असेल तर १५१००. फुकटचा वकील म्हणजे कामचुकार असं लोक म्हणतात, मी दोन्ही प्रकारचे पाहिलेत, फुकटातले पण आणि पैसेवाल्यातले पण. त्या वकिलाला विचारून एक कॅव्हेट टाकून ठेवा, म्हणजे पोरगा कोर्टात जाऊन तुमच्या पाठीमागे एकतर्फी तात्पुरता हुकूम आणू शकणार नाही, ती ९० दिवस चालते.

मोटरचं काय. पाणी, लाईट, जिन्यातला दिवा, संडास, हे काहीही मालकाला विनाकारण तोडता येत नाही, भांडण असलं तरी, कलम २९. कोर्टात अर्ज केला की जोडून द्यायचा हुकूम मिळतो आणि तोडणाऱ्याला कैदेची तरतूद सुद्धा आहे. पुढच्या वेळी मोटर बंद झाली की खाली जाऊन भांडू नका. नळ उघडा ठेवून, कोरडा नळ आणि समोर घड्याळ असा व्हिडिओ काढा, आणि पोलीस स्टेशनला लेखी अर्ज द्या, दुसऱ्या कॉपीवर पोच घ्या. तिथला हवालदार म्हणेल ही दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा. म्हणू द्या. आपल्याला त्या दिवशी त्याच्याकडून न्याय नकोय, शिक्का हवाय. आणि ३० तारखेला किंवा कधीही सामानाला हात लावला, कुलूप बदललं, तर तेव्हा मात्र ११२ लावा, त्या क्षणी, रडत बसू नका. आणि कधी तुम्ही बाहेर असताना कुलूप लागलंच तर सहा महिन्यांच्या आत कब्जा परत मागायचा दावा करता येतो, तिथं मालक कोण हा प्रश्नच नसतो, कोर्टाविना बाहेर काढलं का एवढंच बघतात. मिस्टरांना सांगा की त्या दिवशी हात खिशात. एक थप्पड मारली तरी केस उलटी फिरते.

मालकाच्या वकिलाची नोटीस स्पीड पोस्टने आली तर घ्या. आपल्याकडे लोकांना वाटतं घेतलीच नाही तर लागू होत नाही, पोस्टमनला सांगतात "ते गावाला गेले". अहो, नाकारली म्हणजे मिळाली असंच धरतात. मी स्वतः कितीतरी दारांवर समन्स चिकटवून आलोय, आतून टीव्हीचा आवाज येत असताना.

एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात ती मला सगळ्यात आवडली, नानांची डायरी. लाल रंगाची छोटी डायरी, दर महिन्याला त्यात तारीख, ४५०० आणि निळ्या पेनाने नानांची सही, एका पानावर तुमच्या हळदीचं बोट उमटलंय. ताई, सात वर्षांचा तुमचा सगळा हक्क त्या डायरीत आहे. भाड्याची पावती देणं हे मालकावर बंधनकारकच आहे, पण नानांनी डायरीत सह्या केल्या म्हणजे पावत्याच झाल्या. पानन् पान झेरॉक्स करा, मोबाईलमधे फोटो काढा, आणि मूळ डायरी घरात ठेवू नका, तुमच्या माहेरी ठेवा. सोबत रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक, पोरीच्या शाळेतला पत्ता, हे सगळं त्याच पिशवीत.

आता दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल बेलीफदादांनी घर आपल्या नावावरच करून दिलं. मालकाकडे खरं कारण असू शकतं. पोराचं लग्न ठरलं, नानांना सांभाळायला माणूस ठेवायचाय, रूम हव्यात, असं त्याने कोर्टात सिद्ध केलं तर ती वाजवी गरज धरतात, मग कोणाची अडचण जास्त याची तुलना होते, त्यात काय होईल ते मी सांगू शकत नाही. केस वर्षानुवर्षं चालते हे खरं, पण ती वर्षं तुम्हाला त्याच जिन्यातून चढायचंय, त्याच मोटरचं पाणी प्यायचंय आणि खाली तोच माणूस खुर्ची टाकून बसणार आहे. मी केस जिंकलेले भाडेकरू पण पाहिलेत, दोन वर्षांनी स्वतःहून सोडून जातात.

तुम्हाला खरं काय हवंय ते तुमच्या पत्रात तिसऱ्या पानावर आहे, "निदान पोरीची परीक्षा होऊ द्या". मग तेच मागा. फेब्रुवारी-मार्चमधे दहावी आटोपते, पुढे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आपल्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल आखाजीला फिरतं, भाडेकरूचंही तसंच फिरवा. आखाजीपर्यंत राहतो, ४५०० किंवा ठरेल ते भाडं दर महिन्याला खात्यावर, तोपर्यंत पाणी-लाईटला हात लावायचा नाही, किल्ली देतो त्याच दिवशी १५,००० डिपॉझिट परत, आणि दुरुस्तीच्या ६२०० मधले निम्मे तरी मालक म्हणून तुम्ही सोसा, असं त्याला सांगा. हे त्याला परवडतं, कारण कोर्टात त्याला याच्याहून लवकर कब्जा मिळायचा नाही, त्याचा वकील त्याला हे सांगेलच, खरं सांगणारा असेल तर. पण तोंडी नको आणि कोऱ्या स्टॅम्पवर सही तर मुळीच नको. विधी सेवावाल्यांना सांगून दावा लागण्याआधीच लोकअदालतीत ठेवायला लावा, तिथली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच असते, त्यावर अपील नाही, त्यामुळे तो फिरला तर अडकतो. तुम्ही फिरलात तर तुम्ही पण अडकता, हे आत्ताच लक्षात घ्या, आणि खरंच सोडायची तयारी असेल तरच सही करा.

राहिलं नानांना भेटायचं. जा ना ताई. सात वर्षं ज्या माणसाने पोरीला खाली बसवून पाढे शिकवले म्हणता, तो अंथरुणाला खिळलाय आणि तुम्ही डोक्यावर राहून आठ महिन्यांत गेल्या नाहीत, हे बरं नाही. पोरगा घरात असताना जा, चोरून जाऊ नका, पोरीला सोबत घ्या, थोडं पातळ वरण वगैरे न्या. भाड्याचा विषय काढू नका, त्यांनी काढला तरी "बघू नाना, तुम्ही आराम करा" एवढंच. मार्चपासूनच्या महिन्यांपुढे सह्या नाहीत, हात हलतोय तर एखादी सही करून घेऊ असं मनात येईल, मिस्टर तर नक्कीच सुचवतील. लकव्याच्या हाताची वाकडी सही कोर्टात तुमच्यावरच उलटेल, बाकीच्या सात वर्षांच्या सरळ सह्यांवर पण संशय जाईल. तेव्हा डायरी आधी माहेरी पोचवा आणि मग खाली जा.